शिवेशिवेनं जाणारं विमान

आकाशाची चतुःसीमा मी स्वतः टाइप केलेली आहे. 'पूर्वेस आकाश, पश्चिमेस आकाश, दक्षिणेस आकाश, उत्तरेस आकाश' असं एकाखाली एक, एकशे त्रेचाळीस वेळा, मूळ प्रत आणि तीन कार्बन. शंभरीच्या आसपास माझी बोटं बंड करून उठली. मी मशीन सोडून दस्तगीरचाचांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "चाचा, चहूबाजूंनी आकाशच आहे ना? मग एकदाच लिहू या की."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी काहीतरी अचकटविचकट बोलल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

"बाई, उद्या कुनी उभा ऱ्हायला आन् म्हनला, उत्तरेला माझं हाय, तर कागद कोन दाखवनार?"

मी परत जाऊन राहिलेली आकाशं टाइप केली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि त्या आनंदावर पाणी फिरवायलासुद्धा पाऊस आला नव्हता. कचेरीच्या पाट्यांचा रंग ओला, कपाटांना किल्ल्या नाहीत, आणि माठ भरायला शिपाई टँकरची वाट बघत फाटकात बसलेला. आम्ही सगळे जुन्या जिल्ह्यांतून उचलून आणलेले. मी नांदेडची टंकलेखिका, वय छत्तीस, दर शनिवारी नांदेडची बस पकडणारी आणि सोमवारी तोंड पाडून परत येणारी. चाचाही नांदेडच्या कचेरीतूनच आले होते, आणि त्यांच्याबरोबर पत्र्याची एक पेटी आली होती. नव्या जिल्ह्याकडं स्वतःचा धड नकाशा नव्हता. जे काही होते ते निजामाच्या अमलापासूनचे नकाशे त्या पेटीत होते आणि पेटीची किल्ली चाचांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात. त्यामुळं हुद्द्यानं साधे भूमापक असलेले चाचा पहिलं वर्षभर जवळजवळ जिल्हाच खिशात घेऊन फिरत होते.

अंगानं बारीक, उंचीनं जास्त. वैशाखातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली राखाडी शेरवानी, कानावर पेन्सिल. नकाशावर बोट ठेवलेलं त्यांना चालत नसे. "बोटाखाली शंभर एकर झाकतात," म्हणायचे, आणि जागा दाखवायला पेन्सिलीचं टोकही न टेकवता वरच्या वर धरायचे. 'साधारण' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा आमच्या साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्याच साहेबांनी विचारलं, "दस्तगीर, औसा इथून साधारण किती?" तर चाचा उभे राहून अदबीनं म्हणाले, "साहेब, साधारण मला मोजता येत न्हाई." साहेब नवे होते, त्यांना हे हुशारीचं लक्षण वाटलं.

आणखी एक. मोकळी जागा मधून ओलांडताना मी चाचांना कधी पाहिलं नाही. फाटकापासून कचेरीच्या दारापर्यंत आम्ही सगळे तिरपे चालत जायचो. चाचा भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून यायचे. विचारलं की म्हणायचे, "मधून वहिवाट न्हाई." सगळी हयात लोकांची रानं मोजण्यात गेलेली. कुणाच्या रानातून आडवं जाणं त्यांच्या पायांनाच जमत नसे. जायचं ते शेताच्या बांधानं, नाहीतर शिवेनं, म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरून.

त्यांच्या कीर्तीला एकच गालबोट होतं आणि ते दरवर्षी चालत कचेरीत यायचं. तोंडवळीचे विरभद्रअप्पा. कपाळाला विभूती, खांद्यावर पंचा, हातात अर्ज. आम्ही नांदेडला होतो तेव्हा अप्पा नांदेडला यायचे, लातूरला आलो तसे लातूरला येऊ लागले.

प्रकरण असं होतं. चाकूरजवळ कवठगा आणि तोंडवळी अशी शेजारची दोन गावं. मधे एक डोंगर. आमच्याकडं अशा एकट्या उभ्या डोंगराला बेट म्हणतात. पोलीस ॲक्शननंतरच्या काळात, चाचा नोकरीत नवेकोरे असताना, त्यांनी या दोन गावांची शीव मोजली. रेघ अलीकडून बेटावर चढली, पलीकडं उतरली, आणि पायथ्याची दगडी विहीर कवठग्यात गेली. तोंडवळीकरांचं म्हणणं, रेघ चढताना सरळ होती, उतरताना वाकडी झाली. बेट मधे असल्यानं रेघेची दोन्ही टोकं एका जागेवरून कुणालाच दिसत नव्हती. त्यामुळं भांडणाला मरण नव्हतं.

"चाचा, रेघ वाकडी हाय."

"अप्पा, जमीन वाकडी हाय. रेघ सरळ हाय."

"सरळ हाय कशावरून म्हनता?"

"मी काढली म्हनून."

मग दोघं मिळून चहा प्यायचे. अप्पा पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ओतायचे, चाचा त्या नकाशापासून दूर सारायचे, आणि पुढच्या सालापर्यंत प्रकरण मिटायचं.

एकदा अप्पा गेल्यावर चाचा टरफलं गोळा करत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, मी लई जोरात बोलतो न्हाई का? खरं सांगू? मला ठाऊक न्हाई. तीस साल सरळ हाय म्हनून राहिलो. पर बघितली कुनी? एक डाव वरून दिसली असती, तर सुखानं रिटायर झालो असतो."

निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. औशाचं अंतरसुद्धा साधारण न सांगणाऱ्या या माणसाला आपल्या स्वतःच्या रेघेबद्दल मात्र साधारणच माहीत होतं. मला त्यांची फार कीव आली.

अशात साहेबांच्या डोक्यात ढग आले.

गेल्या साली ढग का आले नाहीत आणि यंदा यायची त्यांची तयारी कितपत झाली आहे, याची आगाऊ स्थळपाहणी व्हावी, असं साहेबांच्या मनानं घेतलं. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अडतात. अडतात म्हणजे नेमके कुठं? कुणामुळं? हे जागेवर जाऊन पाहायला हवं. ढगांची जागा वर असल्यानं विमान हवं. विमान मिळालंही. नांदेडचे एक सरदारजी, पिढ्यान्‌पिढ्या गोदाकाठचे, कापसावर औषध फवारायची विमानं चालवून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही कॅप्टनसाहेब म्हणत असू. त्यांच्या मित्राचं दोन माणसांचं, एका पंख्याचं विमान लातूरबाहेरच्या मुरमाच्या पट्टीवर येऊन उभं राहिलं, आणि तीन दिवस सगळं गाव त्याला बघायला जात होतं.

कॅप्टनसाहेबांना डोंगरांच्या उंच्या असलेला नकाशा हवा होता. तो पेटीत होता. कॅप्टनसाहेबांनी तो चाचांच्या टेबलावर पसरला, पट्टी ठेवली आणि लातूरपासून कोकणातल्या चिपळूणपर्यंत एक सरळ रेघ मारली. बोलत बोलत, पाच मिनिटांत. कराडला उतरून तेल भरायचं. घाट अकराच्या आत ओलांडायचा, कारण ऊन चढलं की डोंगरावरचा वारा विमानाला खालवर फेकतो. सगळ्यात उंच डोंगरापेक्षा दोन हजार फूट वर राहायचं. ढग दिसले की परत फिरायचं.

चाचा त्या रेघेकडं बघत उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"कॅप्टनसाब, हे तर मधून चाललं."

"कशाच्या मधून?"

"लोकांच्या रानाच्या. हे बघा, ह्याच्या रानातून आडवं, त्याच्या खळ्यावरून, हितं तर मारुतीच्या डोक्यावरून."

"चाचा, विमान हाय ते. बैलगाडी न्हाई."

"म्हनून काय झालं? वहिवाट लागतेच की."

कॅप्टनसाहेब हसले आणि नको तिथं हसले, कारण साहेबांना चाचांचा मुद्दा पटला. नवा जिल्हा, पहिलंच विमान, उगाच कुणाची हरकत नको. मार्ग आराखडा नकाशे विभागानं करावा, असा शेरा पडला. नकाशे विभाग म्हणजे चाचा आणि ती पेटी.

तीन आठवडे चाचांनी मान वर केली नाही. विमान शिवेशिवेनं न्यायचं ठरलं. या गावाची हद्द धरून उत्तरेला, मग त्या गावाची धरून पश्चिमेला, मग थोडं मागं, कारण एका गावाची शीव नदीच्या वळणानं मागं येते. एकशे त्रेचाळीस टप्पे झाले. प्रत्येक टप्प्याची चतुःसीमा मी टाइप केली ती हीच. वाट तिप्पट लांबली. त्यात आमच्याकडं शीव ओलांडताना नारळ वाढवतात. वराची गाडीसुद्धा नारळ वाढवल्याशिवाय पुढं जात नाही, मग सरकारी विमान कसं जाईल? चाचांनी आराखड्याला पुरवणी जोडली : नारळ, नग एकशे त्रेचाळीस.

कॅप्टनसाहेब ते वाचून खुर्चीत बसले. पाणी मागितलं, ते नव्हतं.

"चाचा, एवढे नारळ घेतले तर मानूस घेता येनार न्हाई. विमानाला वजन सोसत न्हाई. नारळ न्यायचे का तुमी यायचं, ते ठरवा."

कचेरीतल्या एका जाणकारानं बरोबर जायचं आणि खालची गावं ओळखून नोंदवायची, असं आराखड्यातच लिहिलं होतं. तो जाणकार कोण, हे लिहिणाऱ्यानंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सहीनं दुरुस्ती आली : 'सर्व शिवांकरिता एक सामायिक नारळ.' तो फोडायचा नाही, नुसता मांडीवर धरायचा.

पण कॅप्टनसाहेब काही अगदीच भोळे नव्हते. आराखड्याचं पहिलं पान त्यांनी पुन्हा वाचलं.

"चाचा, कोकन हिकडं. पश्चिमेला. आन् पहिला टप्पा तुमी चाकूरकडचा लिवला. ते तर उलटं झालं."

"हाव. तिथं बेट हाय."

"मग?"

"विमानाला पहिला डोंगर ल्हान द्यावा. सवय होते. एकदम सह्याद्री दिला तर बुजंल."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं. सगळ्या कचेरीला माहीत होतं की चाचांना ढगांशी काही देणंघेणं नाही, त्यांना आपली रेघ बघायची आहे. कॅप्टनसाहेबांनाही ते तेवढ्यात कळलं असावं. दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, "बराबर हाय. बुजतं." त्या दिवसापासून मला हे सरदारजी आवडू लागले.

आराखडा वरच्या कचेरीत गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. शेरा असा : 'मार्गातील पहिला टप्पा बेट असल्याचे दिसते. सदर तालुक्यास समुद्र असल्याचे या कार्यालयाच्या नोंदीवरून दिसून येत नाही. खुलासा करावा.' तिकडच्या माणसाला बेट म्हणजे समुद्रातलंच ठाऊक. चाचांनी खुलासा लिहिला, 'बेट म्हणजे डोंगर.' उलट शेरा आला, 'डोंगर असल्यास त्यास बेट का म्हणतात?' चाचांनी लिहिलं, 'पहिल्यापासून म्हणतात.' यानंतर मंजुरी आली, पण एका अटीवर. बेटाच्या सभोवती पाणी असण्याची शक्यता लक्षात घेऊन विमानातल्या प्रत्येकानं तरंगण्याचं जाकीट घालावं. पाठोपाठ पार्सलनं दोन नारिंगी जाकिटं आली. त्या दिवशी कचेरीचा टँकर चुकला होता आणि सकाळपासून कुणाच्या घशाखाली घोट गेला नव्हता. पोचपावतीवर सही करताना शिपायाला विचित्र हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना.

उड्डाणाच्या सकाळी आम्ही सगळे पट्टीवर हजर होतो. चाचा शेरवानीत, शेरवानीवर नारिंगी जाकीट, जाकिटाच्या सगळ्या नाड्या आवळून बांधलेल्या, हातात सामायिक नारळ. चारही दिशांना बघावं तिथं करपलेली काळी रानं. त्यात ते जाकीट लांबून दिसत होतं.

त्या गर्दीतून विरभद्रअप्पा घाईघाईनं पुढं आले. या खेपेला त्यांच्या हातात अर्ज नव्हता, आणि का नव्हता ते आता कळलं.

"चाचा, जाऊ नका," म्हणाले. "रेघ सरळच हाय."

चाचांच्या हातातून नारळ पडता पडता राहिला. "काय म्हनून राहिले अप्पा? तीस साल वाकडी म्हनत होते तुमी!"

"तवा इहिरीत पानी हुतं. अत्ता न्हाई."

मग अप्पांनी सांगितलं ते असं. गावात सार्वजनिक विहीर नसेल तरच टँकर मिळायचा. तक्त्यात 'विहीर आहे काय' असा रकाना होता, 'पाणी आहे काय' असा नव्हता. ती दगडी विहीर माघातच तळाला गेली होती, पण कागदावर विहीर म्हणजे विहीर. त्यामुळं कवठग्याला टँकर नव्हता आणि तोंडवळीला होता. कवठग्याच्या बायका शीव ओलांडून तोंडवळीच्या टँकरवर पाणी भरत होत्या आणि तोंडवळीकर ते भरू देत होते. आता रेघ सरकली तर कोरडी विहीर तोंडवळीच्या पदरात पडणार आणि टँकर बंद होणार. कवठग्यानं नवा अर्ज करायचा, त्याची नवी पाहणी व्हायची, म्हणजे आषाढ उजाडणार. तोवर दोन्ही गावांनी प्यायचं काय?

"वर जावा, फिरून या. पर खाली बघू नका," अप्पा म्हणाले.

चाचा दोन पावलं विमानाकडं गेले, परत अप्पांकडं आले, पुन्हा विमानाकडं गेले. शेवटी कॅप्टनसाहेबांनी हाताला धरून त्यांना वर चढवलं.

विमान कोकणात जाऊन संध्याकाळी परतायचं होतं. ते पाऊण तासात परत आलं. कॅप्टनसाहेब आधी उतरले ते कपाळावर हात मारत.

"सात चकरा!" ते म्हणाले. "सातच्या सात अर्ध्या! त्या बेटावर देऊळ हाय एक. मी गोल फिरवू लागलो, तर चाचांनी माझा हात धरला. हितनं पुढं न्हाई, मागं फिरवा. मी मागं फिरवलं. दुसऱ्या अंगानं आलो, तर पुन्ना तिथंच, मागं फिरवा. विमान झोपाळ्यासारखं हलवलं मी. कराडपर्यंत जायचं तेल तिथंच संपलं."

मला काही उमजेना, पण अप्पांना उमजलं. "पन्हळ," ते हळूच म्हणाले.

महादेवाच्या देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. तिथवर जायचं, मागं फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. चाचांनी वरून, विमानातूनसुद्धा, ती ओलांडू दिली नव्हती.

चाचा जाकिटासकट मुरमावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "अप्पा, तुमचे वडील पंच होते तवा. आठवतंय? रेघ थेट देवळाच्या मधून चालली होती. मी म्हनलं, पायात जोडा, हातात मोजणीची साखळी, गाभाऱ्यातून कसं जायचं? बाजूनं वळसा घालू. तर तुमचे वडील म्हनले, साहेब, पन्हळ वलांडू नका. मी नवा पोरगा. मी मागं फिरलो, दुसऱ्या बाजूनं गेलो. आन् तिथून पुढं रेघ धरली. जिथं सोडली त्याच्या नीट समोरून न्हाई. वरून साफ दिसतंय. कुठं पीक न्हाई, गवत न्हाई, शिवेचे दगड मोजून घ्या. देवळापाशी रेघ वळली ती जागेवर आलीच न्हाई."

"कुनी बघितली न्हाई," अप्पा म्हणाले. "कॅप्टनसाहेबांना काय कळतंय त्यातलं. तुमी सरळ म्हना."

"वाकडी हाय अप्पा. तुमी खरं बोलत होते."

अप्पा पंचा तोंडाशी धरून रडू लागले. तीस वर्षं जे ऐकायला हा माणूस चालत येत होता, ते ऐकून तो रडत होता. खरं सांगते, मला चाचांचा राग आला. एवढं खरं बोलायचं काय अडलं होतं? कोण विचारत होतं? दुपारी त्यांनी मला जबाब सांगितला : 'शिवेची रेघ वाकडी असून चूक माझी आहे.' तो टाइप करताना मी कळांवर इतका राग काढला की कागदाला दोन ठिकाणी भोकं पडली. ढगांचा अहवालही मीच टाइप केला. तो एका ओळीचा होता : 'ढग आढळून आले नाहीत.' साहेबांनी तो समाधानानं फायलीत लावला.

जबाब वाचून साहेबांनी हुकूम काढला की फेरमोजणी दस्तगीर यांनीच निवृत्तीपूर्वी पूर्ण करावी. मोजणी पुरी झाली की रेघ सरकणार, विहीर सरकणार, टँकर बंद होणार. चाचा दुसऱ्याच दिवशी साखळी घेऊन बेटावर गेले. नऊ दिवस झाले तरी परत आले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांची नोकरी संपत होती. तीन वाजता निरोप समारंभ ठेवला होता. सतरंजी अंथरली, झेंडूचा हार आला, चिवडा बशांत भरला, आणि ज्यांना निरोप द्यायचा तेच नाहीत. साहेबांनी मला जीप देऊन पाठवलं. मी हार मांडीवर घेऊन चाकूरच्या रस्त्यानं निघाले.

बेटाच्या पायथ्याशी जीप थांबली. चढावर दोन म्हातारे दिसले. साखळीचं एक टोक चाचांच्या हातात आणि दुसरं विरभद्रअप्पांच्या. मी धापा टाकत वर गेले.

"चाचा, सगळे थांबलेत. किती झालं मोजून?"

"चार साखळ्या."

"नऊ दिवसांत?"

"बराबर मोजायचं म्हनलं की वेळ लागतो, बाई."

अप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "माझ्याच्यानं साखळी ढिली सुटते. त्यांना खपत न्हाई. मग पुन्ना पहिल्यापासून."

"लई ढिली धरतात," चाचा म्हणाले. "किती वाजले?"

"पावणेपाच."

"मग धरा अप्पा. पहिल्यापासून."

दोघं उतारावरच्या पहिल्या दगडाकडं सावकाश चालू लागले. माझा राग तिथंच कुठंतरी गळून पडला. मी हार हातात घेऊन एका खडकावर बसले आणि त्यांची मोजणी बघत राहिले. अप्पांनी साखळी ताणली, मग हात मोकळे करायला सोडली. चाचांनी मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. नवीन माणूस नेमला जाईल, त्याची नेमणूक निघेल, तो येईल आणि त्यालाही पहिल्या दगडापासूनच सुरुवात करावी लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. तोवर आषाढ उजाडणार होता आणि तोंडवळीचा टँकर चालूच राहणार होता.

पाच वाजले ते मी सांगितलं. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, गुडघ्यावर वही ठेवली आणि त्यांच्या त्या कोरीव अक्षरात दोन शब्द लिहिले : 'मोजणी अपूर्ण.' खाली सही केली. इतक्या वर्षांत त्यांच्या टिपणांतला शब्द न् शब्द मी टाइप केला होता. 'अपूर्ण' हा शब्द मी त्यांच्या हातचा पहिल्यांदा बघत होते. वही मिटून त्यांनी ती माझ्याकडं दिली.

मी हार त्यांच्या गळ्यात घातला. भाषण मला येत नव्हतं. "चला चाचा, जीप आहे," म्हटलं.

"जीप सरकारी हाय, बाई. मी पाचला सुटलो."

"म्हणून काय चालत येणार लातूरला?"

"सकाळी बस हाय. आज अप्पांच्या घरी जेवन हाय."

मी पुष्कळ विनवलं, पण ऐकणाऱ्यांतले ते नव्हते. आम्ही तिघं खाली उतरलो तेव्हा तोंडवळीच्या वाटेनं टँकर येत होता. धुरळा बसायच्या आत घागरी मांडल्या गेल्या, तोंडवळीच्या आणि कवठग्याच्याही. अप्पांनी कुणाकडून तरी एक तांब्या मागून घेतला आणि टँकरच्या नळाखाली धरला.

जीप वळताना मी मागं पाहिलं. चाचा हार घालूनच खाली वाकले होते आणि अप्पा त्यांच्या हातांवर पाणी ओतत होते. चाचांनी तोंड धुतलं, मान पुसली, पुन्हा ओंजळ धरली. एवढ्या टंचाईत, एवढं पाणी. मागं दोन्ही गावांच्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यातली एकही चला, आवरा म्हणत नव्हती.